रीफ टँकसाठी डोसिंग पंप: बिघडला तर काय होईल, हे आधी पाहा

डोसिंग पंप म्हणजे कोरलांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये (रीफ टँकमध्ये) ठरल्या वेळी मोजकं द्रावण सोडणारा छोटा पंप. तो निवडताना नवखा माणूस आधी अचूकता बघतो: ०.१ मिलीपर्यंत सोडतो का, ॲप कसं आहे, हेड (एकेका द्रावणासाठीचा वेगळा पंप-भाग) किती आहेत. या गोष्टी बघायच्याच, पण नंतर. रोज तीस मिलीऐवजी एकतीस मिली गेलं तर टँकला काही होत नाही. पंप चालू राहिला आणि बंदच झाला नाही, तर मात्र एका रात्रीत कोरलं जातात. म्हणून पुढची सगळी निवड एकाच प्रश्नाभोवती आहे: हा पंप बिघडेल तेव्हा कुठल्या बाजूने बिघडेल, थांबेल की वाहत राहील?

पंप हवा का, आणि किती मिलीचा

टँकमध्ये झोआ, मशरूम, लेदर अशी मऊ कोरलंच असतील तर पंप लागत नाही. आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं की भागतं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच या एककात मोजतात) यांचा खप वाढतो तो हॅमर, टॉर्च, मॉन्टिपोरा, ॲक्रोपोरा यांसारखी दगडी सांगाड्याची कोरलं वाढू लागल्यावर. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. तो बांधताना कोरलं २.८ डीकेएच अल्कलिनिटीमागे साधारण २० मिग्रॅ/लिटर कॅल्शियम उचलतात. टँकमध्ये कॅल्शियम ४०० ते ४५० ठेवतात, त्यातले वीस गेले तर कळतही नाही. अल्कलिनिटी मात्र जेमतेम ८-९ असते, तिच्यातून २.८ गेली तर टँकची रया जाते. त्यामुळे रोजचं गणित अल्कलिनिटीवर मांडायचं, कॅल्शियम तिच्या मागोमाग येतं.

खप असा मोजा. हाताने घालत असाल ते सगळं तीन दिवस थांबवा, पाणीही बदलू नका. पहिल्या दिवशी आणि चौथ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच किटने अल्कलिनिटी मोजा. समजा ८.८ ची ७.६ झाली, म्हणजे तीन दिवसांत १.२, रोजची ०.४ डीकेएच. रोजची घट ०.१ च्या आत असेल तर पंपाचा विचार सहा महिन्यांनी करा.

द्रावण घरी करायचं तर हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. एका बाटलीत ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नाही) किंवा ५३ ग्रॅम निर्जल सोडा ॲश घ्या आणि आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी घालत एकूण एक लिटर करा. दुसऱ्या बाटलीत ७३.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, तेही एकूण एक लिटर. निर्जल कॅल्शियम क्लोराइड असेल तर ५५.५ ग्रॅम. ते पाण्यात थोडं थोडं घाला, विरघळताना पाणी चांगलंच तापतं. दोन्ही द्रावणांची ताकद जुळलेली आहे, म्हणून दोन्ही सारख्याच मिलीने जातात. खाण्याच्या सोड्याचं हे द्रावण जवळजवळ संपृक्त असतं. खोली फार गार झाली तर तळाशी खडे बसतात आणि नळी अडते. तिथे सोडा ॲश बरा. त्याने पीएचही थोडा वर जातो, आणि बंद खोलीतल्या टँकला ते बहुधा हवंच असतं.

या द्रावणाचे ३६ मिली १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी साधारण १ डीकेएचने वाढवतात. टँकमध्ये खरं पाणी २०० लिटर आहे असं धरू (काचेच्या मापातून दगड-वाळू वजा करून, संपमधलं, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीतलं, पाणी मिळवून). ०.४ डीकेएचसाठी रोज साधारण २९ मिली अल्कलिनिटीचं आणि तेवढंच कॅल्शियमचं. हा आकडा कागदावर असल्याशिवाय पंप बघायला जाऊ नका, कारण पुढे सगळं यावर ठरतं.

आता तोच आकडा उलटा फिरवून बघा. अल्कलिनिटीची एक लिटरची भरलेली बाटली त्या २०० लिटरमध्ये एकदम रिकामी झाली तर अल्कलिनिटी १४ डीकेएचने वर जाईल. मिनिटाला ६० मिली फेकणारा पंप हे सतरा मिनिटांत करतो. मिनिटाला ५ मिलीवाल्याला तीन तासांहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात कुणीतरी टँककडे बघण्याची शक्यता असते.

मोटर

डोसिंग पंपात फिरती चाकं एक मऊ नळी दाबत पुढे सरकतात आणि दोन चाकांमध्ये अडकलेलं द्रावण पुढे ढकललं जातं. ही जवळजवळ सगळ्यांची रचना एकच. फरक मोटरमध्ये आहे.

साधी डीसी ब्रश मोटर वेळ मोजून चालते. कंट्रोलर म्हणतो 'तीन सेकंद चाल', ती चालते. नळी कडक झाली, ब्रश झिजले, व्होल्टेज किंचित पडलं, की त्याच तीन सेकंदांत कमी द्रावण जातं. दुसरं म्हणजे तिला फिरायला नुसता वीजपुरवठा पुरतो. आतला रिले चिकटला किंवा ट्रान्झिस्टर जळून शॉर्ट झाला तर ती पूर्ण वेगाने फिरतच राहते, प्रोग्रॅम काहीही म्हणो.

स्टेपर मोटर ठरलेल्या टप्प्यांनी फिरते. प्रत्येक टप्प्यासाठी सर्किटकडून क्रमाने स्पंद यावे लागतात. त्यामुळे ड्रायव्हर जळाला तर ती बहुधा जागेवर थबकते. अचूकता, शांत आवाज, जास्त आयुष्य या तिच्या जमेच्या बाजू सगळे सांगतात, पण आमच्या मते तिला पसंती देण्याचं खरं कारण हे थबकणं आहे. तिचा एक दोषही ठाऊक असू द्या: नळी फार ताठर झाली तर तिचे टप्पे चुकतात आणि पंपाला ते कळत नाही, तो पूर्ण डोस गेल्याचीच नोंद करतो. तरी कमी डोस टेस्ट किटवर दोन-चार दिवसांत दिसतो आणि तोवर टँक तग धरतो.

बजेट डीसीपुरतंच असेल तर डीसी घ्या, फक्त वेग कमी असलेला घ्या आणि बाटली लहान ठेवा. बाटलीचं पुढे येतंच.

वेगाचा संबंध डोसच्या आकाराशीही आहे. २९ मिलीचे चोवीस भाग केले तर एक भाग १.२ मिलीचा. मिनिटाला ६० मिलीवाला पंप तो सव्वा सेकंदात सोडतो. मोटरने उसळी घेऊन थांबण्यातच निम्मा वेळ गेला, तर डोस कधी ०.९, कधी १.५. अशा पंपावर दिवसाचे आठ भाग करा, ३.६ मिलीचा एक.

नळी आणि हेड

पंपात सगळ्यात आधी झिजते ती नळी. सिलिकॉनची नळी स्वस्त आणि मऊ असते, पण चाकांखाली लवकर चपटी होते. सँटोप्रीन किंवा फार्मेडसारख्या टिकाऊ नळ्या कितीतरी जास्त काळ चालतात. माहितीपत्रकात नळीचा पदार्थ, आतला आणि बाहेरचा व्यास लिहिलेला नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर बदलीची नळीही मिळणार नाही असं समजा. हेड खटका दाबून निघणारं असावं आणि सुटं विकत मिळायला हवं. नेपच्यूनचा डॉस, रेड सीचा रीफडोस, इकोटेकचा व्हर्सा, कमोअर, जेबाओ अशी नावं शोधताना समोर येतील. नावापेक्षा तुमच्यापर्यंत त्याचं सुटं हेड पोचतं का, याला वजन द्या.

हेड किती? अल्कलिनिटी आणि कॅल्शियम, दोन. मॅग्नेशियम इतकं हळू उतरतं की महिन्यातून एकदा हाताने घातलं तरी चालतं. तिसरं हेड हाताशी असलेलं बरं. चार हेडचा मोह मात्र आवरा. रिकामं हेड बघवत नाही, मग माणूस त्यात गरज नसलेलं काहीतरी भरतो.

घड्याळ, वीज आणि वायफाय

विकत घेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं मिळवा.

वीज गेली की वेळापत्रक आणि घड्याळ टिकतं का? आत सीआर २०३२ सारखा बटण सेल असेल तर टिकतं. नसेल तर काही पंप वीज आल्यावर रात्रीचे बारा वाजले असं धरून दिवस नव्याने सुरू करतात, आणि सकाळी दिलेले डोस पुन्हा देतात.

वेळापत्रक पंपात साठतं की दूरच्या सर्व्हरवर? इंटरनेट नसताना पंप चालायलाच हवा. काही पंप वेळही नेटवरून घेतात. वीज आली पण राउटर उठला नाही, तर ते वेळ कळेपर्यंत गप्प बसतात. वाहत राहण्यापेक्षा हे बरं, पण माहीत असावं.

चुकलेले डोस नंतर भरून काढतो का? असली सोय असेल तर ती बंद करता आली पाहिजे. आठ तासांचे डोस एकदम गेले तर संपमध्ये पांढरा धुरळा उठतो.

प्रत्येक हेडला दिवसाची कमाल मर्यादा घालता येते का? येत असेल तर रोजच्या डोसच्या दीडपट ठेवा. एक शून्य जास्त टाइप होणं हा बिघाडापेक्षाही नेहमीचा अपघात आहे.

टेबलावरची परीक्षा

पंप आणला की थेट टँकला जोडू नका. आठवडाभर तो टेबलावर साध्या आरओ पाण्यावर चालवा. परत करायची मुदत असते ती याचसाठी. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा पुरतो, कारण साध्या पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम. ही युक्ती डोसिंगच्या द्रावणाला लागू नाही, ते पाण्यापेक्षा जड असतं.

१. नळ्या टँकवर लागतील तेवढ्याच लांबीच्या कापा आणि बाहेरचं टोक तितक्याच उंचीवर बांधा. पंप चालवून नळीतली सगळी हवा काढा. मग कॅलिब्रेशन करा, म्हणजे पंपाने खरंच किती सोडलं ते मोजून तो आकडा त्यात भरा.

२. कोरडा कप काट्यावर ठेवून शून्य करा. दोन मिलीचे दहा डोस सोडा. वजन १९ ते २१ ग्रॅममध्ये यावं. हेच पाच वेळा करा. पाचही वेळा १८.५ आलं तर काळजी नाही, कॅलिब्रेशनने ते सुधारतं. एकदा १७, एकदा २२ असं आलं तर ते हेड परत करा.

३. सायफनची, म्हणजे पंप बंद असताना पाणी आपोआप उतरत राहतं का याची, परीक्षा. बाटली टेबलावर, बाहेरचं टोक जमिनीवरच्या रिकाम्या कपात. नळी पाण्याने भरून घ्या, पंपाचा प्लग काढा, बाटलीवर पाण्याच्या रेषेला मार्करने खूण करा आणि झोपायला जा. सकाळी रेषा खुणेवरच हवी आणि कप कोरडा हवा. कपात चमचाभर पाणी दिसलं, तर चाकं नळीला पुरती दाबत नाहीत. मग वीज नसतानाही त्या हेडमधून द्रावण उतरत राहील. ही परीक्षा प्रत्येक हेडची वेगळी घ्या, आणि चाकं थोडी फिरवून वेगळ्या जागी थांबवून पुन्हा एकदा घ्या.

४. मोठा डोस चालू असताना मध्येच प्लग ओढा. मिनिटभराने परत लावा. पंप उरलेला डोस देतो, पूर्ण डोस पुन्हा देतो की पुढच्या वेळेची वाट बघतो, ते लिहून ठेवा. पुन्हा पूर्ण देणारा पंप नको.

५. राउटर एक दिवस बंद. कपात दिवसाचं पाणी पूर्ण आलं पाहिजे.

जोडणी

बाटली पाण्याच्या पातळीपेक्षा खाली, पंप वर, आणि नळीचं बाहेरचं टोक संपच्या पाण्यापासून तीन-चार सेंटीमीटर वर, हवेत. ते टोक पाण्यात बुडवलं की दोन दुखणी लागतात: सायफनचा धोका आणि टोकावर चुन्याचा खडा. अल्कलिनिटीच्या टोकावर तो विशेष जमतो, कारण तिथे तीव्र द्रावण आणि खारं पाणी एकमेकांना भिडतात. थेंब पडताना दिसला पाहिजे.

प्रवाह जोरात असेल अशा जागी सोडा, पण रिटर्न पंपाच्या (संपमधलं पाणी टँकमध्ये परत चढवणाऱ्या) तोंडाशी नको, नाहीतर त्याच्या आतल्या पात्यांवर (इंपेलरवर) थर चढतो. हीटर आणि ऑटो टॉप-ऑफचा (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या सोयीचा) सेन्सर यांच्यापासूनही लांब. अल्कलिनिटी आणि कॅल्शियमच्या नळ्या शक्यतो संपच्या वेगवेगळ्या कप्प्यांत. वेळेतही अंतर ठेवा: अल्कलिनिटी तासाच्या ठोक्याला, कॅल्शियम त्यानंतर अर्ध्या तासाने. दोन्ही एका जागी एका वेळी पडली की कॅल्शियम कार्बोनेट तिथेच साका होऊन बसतं आणि कोरलांच्या वाट्याला काहीच येत नाही.

प्रत्येक बाटलीला, तिच्या झाकणाला आणि तिच्या नळीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावा, दुसऱ्या बाटलीचा रंग वेगळा. बाटल्या भरताना नळ्यांची अदलाबदल होणं फार सोपं असतं. बाटलीतलं द्रावण दुधासारखं झालं तर तेच झालेलं असतं. ते फेकून द्या आणि नळी धुऊन घ्या. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र ठेवा. आतली नळी तळापासून सेंटीमीटरभर वर राहू द्या, म्हणजे गाळ ओढला जाणार नाही.

बाटलीत दहा दिवसांपेक्षा जास्त द्रावण ठेवू नका. आपल्या उदाहरणात ते ३०० मिली. सगळं एकदम गेलं तरी अल्कलिनिटी ४.२ डीकेएचने वाढेल. वाईटच, पण १४ च्या तुलनेत सावरता येण्याजोगं. द्रावण निम्म्या ताकदीचं करून डोस दुप्पट केलात तर तीच बाटली पाच दिवस पुरेल आणि धोका २.१ वर येईल, शिवाय मोठा डोस पंपाला अचूक सोडता येतो. दर पाच दिवसांनी भरण्याचा कंटाळा येत नसेल तर हे जरूर करा.

वायरला पंपाकडे जाण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं खारं पाणी झोलाच्या तळातून गळेल. अडॅप्टर आणि प्लगबोर्ड कपाटाच्या तळाशी नको.

सुरुवात

अल्कलिनिटी आधी हाताने हव्या त्या आकड्यावर आणा, एका दिवसात १ डीकेएचहून जास्त न वाढवता. पंपाचं काम आकडा आहे तिथे टिकवणं, तो वर चढवणं त्याच्यावर सोपवू नका. मग कागदावरच्या डोसच्या ८० टक्क्यांवर सुरू करा: २९ ऐवजी २३ मिली. आठवडाभर रोज त्याच वेळी मोजा. आकडा हळू उतरत असेल तर दहा टक्क्यांनी वाढवा, दोन-तीन दिवस थांबा, पुन्हा मोजा. एका मोजणीवरून डोस बदलू नका, किटची स्वतःची चूकही ०.२-०.३ असू शकते.

नवी नळी पहिल्या आठवड्यात सैलावते, म्हणून सात दिवसांनी पुन्हा कॅलिब्रेशन. पुढे महिन्याला एकदा. महिन्यातून एकदा पाण्याचा खारेपणाही (सॅलिनिटी) बघा. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्या जोडीतून मागे साधं मीठ उरतं आणि ते हळूहळू साठतं.

बिघाड ओळखताना

अल्कलिनिटी उतरतेय आणि ॲप म्हणतं डोस गेले: आधी बाटलीची पातळी बघा. पातळी हलली नसेल तर टोकावर खडा आहे किंवा बाटलीच्या बाजूच्या नळीला भेग पडून हवा ओढली जातेय. टोक व्हिनेगरमध्ये तासभर बुडवलं की खडा विरघळतो. पातळी बरोबर उतरत असेल तर पंप निर्दोष आहे, कोरलांचा खप वाढला आहे किंवा दोन्ही द्रावणं एकमेकांत साकळतायत.

हेडखाली पांढरी पूड दिसली तर आतली नळी फाटली आहे. टिचकी मारल्यासारखा आवाज येतो तेव्हा चाक नळीवरून घसरतंय किंवा स्टेपरचे टप्पे चुकतायत. दोन कॅलिब्रेशनमध्ये दहा टक्क्यांचा फरक आला तर आकडा दुरुस्त करत बसू नका, नळी बदला. सिलिकॉनची नळी काही दिसलं नाही तरी सहा महिन्यांनी, टिकाऊ नळी वर्षाने.

आणि जास्त डोस गेलाच, तर प्लग काढा आणि नळीचं टोक संपबाहेर घ्या. अल्कलिनिटी आणि पीएच दोन्ही मोजा. आम्ल घालून अल्कलिनिटी खाली ओढू नका, त्या झटक्याने उरलीसुरली कोरलंही जातात. कमी अल्कलिनिटीच्या मिठाचं पाणी करून वीस टक्के बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस टक्के. मधल्या काळात दोन्ही द्रावणं बंद ठेवा आणि कोरलांना ती खाली आणू द्या. पाणी दुधाळ झालं असेल तर एक-दोन दिवसांत निवळतं. तोवर हीटर आणि पंपांवर चढलेला थर काढून घ्या. आकडा जागेवर आल्यावर पंप परत टेबलावर न्या आणि पाचही परीक्षा पुन्हा घ्या. कारण सापडेपर्यंत तो टँकला जोडायचा नाही. तेवढे दिवस सिरिंजने, सकाळी पंधरा मिली आणि रात्री चौदा.